पाणी दिसतं, पण बोट समुद्रापर्यंत जाते का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या मालमत्ता पुरवणीत फ्लोरिडातल्या कॅनॉलकाठच्या घरांवर आलेला लेख वाचला. त्यात केप कोरल शहराचं नाव ठळकपणे होतं आणि मी त्याच शहरात राहते, म्हणून हे पत्र. लेखात सूर्यास्त होता, मागच्या अंगणातला पोहण्याचा तलाव होता, चौरस फुटाचा भाव होता, रुपयांतला हिशेबही होता. बोट मात्र फक्त फोटोत होती. जिच्यापायी माणसं इथं पाण्याकाठच्या घराला एवढे जास्तीचे पैसे मोजतात, ती बोट घरामागून निघून समुद्राला पोहोचते का, कोणत्या वाटेनं आणि किती वेळात, याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. ठाण्या-पुण्यातले आईवडील मुलांच्या घरासाठी रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे इकडे पाठवू शकतात, आणि पाठवतातही. आयुष्याची पुंजी असते ती. तेव्हा ही राहिलेली ओळ छापून यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

मी मूळची दापोली तालुक्यातल्या हर्णैची. हर्णैला बंदर आहे, समोर सुवर्णदुर्ग आहे, पण किनाऱ्याला पाणी उथळ. होड्या बाहेर उभ्या राहायच्या आणि मासळी बैलगाडीत घालून लिलावाला आणायची, हे बघत आम्ही वाढलो. दारात समुद्र असणं वेगळं आणि होडी दारात लागणं वेगळं, हे तिथल्या लहान मुलालाही सांगावं लागत नाही. केप कोरलला घर शोधणाऱ्या मोठमोठ्या हुद्द्यांवरच्या माणसांना मात्र ते सांगावं लागतं, कारण इथं प्रत्येक घरामागचं पाणी सारखंच चकचकीत दिसतं.

आधी हे शहर काय आहे ते सांगते. १९५७ मध्ये लिओनार्ड आणि जॅक रोझन या दोन भावांनी कलूसाहॅची नदीच्या मुखापाशी जमीन घेतली. सखल रान, दलदल आणि खारफुटी. त्यांनी कॅनॉल खणले, निघालेली माती दोन्ही बाजूंना टाकून जमीन उंच केली आणि तिचे प्लॉट पाडून बर्फाळ उत्तरेकडच्या लोकांना हप्त्यांवर विकले. फुकट जेवणावळी घालून, फोन करून, कित्येकांना तर जमीन न दाखवताच. आज इथं ४०० मैलांहून जास्त, म्हणजे सुमारे ६४० किलोमीटर लांबीचे कॅनॉल आहेत. जगात दुसऱ्या कुठल्या शहरात इतके नाहीत. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १ लाख ९४ हजार भरली. हे सगळं सांगायचं कारण असं की हे कॅनॉल प्लॉट विकण्यासाठी खणलेले आहेत. कुठला कॅनॉल समुद्राला कसा मिळतो, हा विचार सगळीकडे सारखा झालेला नाही.

पहिली गोष्ट. यातले बहुतेक कॅनॉल गोड्या पाण्याचे आहेत. ते बांध घालून खाऱ्या कॅनॉलांपासून तोडलेले आहेत. त्या घरामागून बोटीनं निघालात तर त्याच कॅनॉलांत आणि तळ्यांत फिरून परत याल, समुद्राला कधीच लागणार नाही. मासेमारीला, पॅडल मारत हिंडायला ते छान आहेत, घरंही स्वस्त पडतात, आणि ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी ती खुशाल घ्यावीत. पण जाहिरातीत ‘कॅनॉलफ्रंट’ हा एकच शब्द गोड्या-खाऱ्या दोन्ही पाण्यांवरच्या घरांना लावतात. शिवाय शहर याच गोड्या कॅनॉलांतलं पाणी हिरवळींना पुरवतं, त्यामुळे कोरड्या मोसमात काही ठिकाणी पातळी चांगलीच उतरते आणि धक्का चिखलावर उभा दिसतो. पावसाळ्यात फोटो काढलेला असेल तर हे कळायचं कसं?

खाऱ्या पाण्याच्या घरांना ‘गल्फ अ‍ॅक्सेस’ म्हणतात, म्हणजे मेक्सिकोच्या आखातापर्यंत वाट आहे. पण वाट आहे म्हटलं की तुमच्या बोटीला ती पुरते असं होत नाही, आणि घरं घेणारे फसतात ते नेमके इथं. ‘सेलबोट अ‍ॅक्सेस’ म्हणजे वाटेत शहराचा एकही पक्का पूल नाही, डोलकाठीची होडी सरळ नदीत जाते. असली घरं बरीचशी शहराच्या आग्नेय बाजूला, जुन्या यॉट क्लबाच्या परिसरात, आणि दक्षिणेकडच्या काही वस्त्यांत. भाव अर्थातच सर्वांत चढे. बाकीच्या गल्फ अ‍ॅक्सेस घरांच्या वाटेत एक, दोन किंवा अधिक रस्त्यांचे पूल लागतात आणि त्यांतल्या कितीतरी पुलांखाली जेमतेम आठ-दहा फूट मोकळी जागा असते.

माझा भाचा न्यू जर्सीत राहतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं इथं घर घेतलं. जानेवारीत आला, तीन दिवसांत घरं बघितली. दलालानं त्याला आपल्या बोटीतून फिरवून आणलं, पुलाखालून नेलं. वर फूटभर जागा राहिली. भाच्यानं तेव्हाच विचारलं होतं, चोवीस फुटी बोट, वर ऊन लागू नये म्हणून पक्कं छप्पर, चालेल ना? ‘आरामात’ असं उत्तर मिळालं. घर झालं, वसंतात बोट झाली, उन्हाळाभर अँटेना आडवी पाडून ते ये-जा करत राहिले. सप्टेंबरात त्याचे आईवडील ठाण्याहून आले. सकाळी ओहोटीला सगळे बाहेर पडले आणि दुपारी मला फोन आला, ‘‘मावशी, आम्ही पुलाच्या अलीकडेच थांबलोय. छप्पर लागतंय. आईला उन्हाचं गरगरतंय.’’

मी पाण्याच्या बाटल्या आणि मिठाची लिंबं घेऊन गाडीनं पुलावर गेले. कठड्यावरून वाकून पाहिलं. पुलाच्या खांबांना एरवी कालवं चिकटलेली दिसतात, करड्या रंगाचा खडबडीत पट्टाच असतो तो, आणि त्या पट्ट्याची वरची कड म्हणजे रोजची भरती साधारण कुठवर येते त्याची खूण. त्या दुपारी पट्टा दिसतच नव्हता. पाणी त्याच्या वर वीतभर गुळगुळीत काँक्रीटला लागलं होतं. माझी बहीण छपराखाली ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसली होती आणि भाचा हातानं पुलाच्या तुळईला रेटून बोट मागे ढकलत होता. शेवटी तिला शेजारच्या एका सज्जन माणसाच्या धक्क्यावर उतरवून घेतलं. बोट दिवेलागणीला, पाणी उतरल्यावर घरी आली.

यात दलालानं सांगितलेलं सगळं जानेवारीपुरतं खरं होतं. या किनाऱ्याला भरती-ओहोटीतला फरक आमच्या हर्णैच्या मानानं किरकोळ, दोन फूट किंवा त्याहून कमी. म्हणून लोक तिकडे लक्ष देत नाहीत. पण समुद्राची एकूण पातळीच वर्षभरात खालीवर होते. उन्हाळा संपता संपता पाणी तापून फुगलेलं असतं आणि वारेही ते किनाऱ्याकडे लोटतात, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरात सरासरी पाणी सर्वांत वर. जानेवारी-फेब्रुवारीत सर्वांत खाली. त्यात हिवाळ्यात थंडीची लाट आली की उत्तरेचा वारा सुटतो आणि खाडीतलं पाणी बाहेर ढकलतो. आणि आपल्याकडची मंडळी घर बघायला कधी येतात? नाताळच्या सुट्टीत नाहीतर जानेवारीत, तिकडे बर्फ आणि इकडे छान हवा असते तेव्हा. म्हणजे पूल सर्वांत उंच दिसण्याच्या दिवसांत.

नकाशावर पुलाची उंची दिलेली असते, ती सरासरी भरतीच्या पाण्यापासून मोजलेली. सरासरी म्हटलं की तिच्या वर जाणाऱ्या भरत्या आल्याच. म्हणून माझं सांगणं असं की बोटीच्या सर्वांत उंच टोकापासून पाण्यापर्यंतचं माप आधी घ्या, बोट रिकामी आणि टाकीत इंधन कमी असताना, कारण तेव्हा ती वर उचललेली असते. मग नकाशावरच्या उंचीतून निदान दीड फूट वजा करा. तेवढ्यात बसत असेल तर बसली. नोआ या सरकारी संस्थेचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक फुकट मिळतं. दलालाला त्या तारखेचं पाणी काय होतं ते विचारा. तो गप्प बसला तर समजून घ्या.

शिडाची मोठी होडी असेल तर नदीतले पूलही बघावे लागतात. केप कोरल ब्रिज ५५ फूट उंच आहे. घर त्याच्या वरच्या अंगाला असेल तर डोलकाठी त्याच्या आत हवी.

हिवाळा एका कामासाठी मात्र उत्तम, खोली बघायला. उत्तरेचा वारा सुटलेल्या दिवशी, ओहोटीच्या वेळी घराच्या धक्क्यावर जा आणि खुणा केलेली लांब काठी पाण्यात सोडा. धक्क्याच्या टोकाशी, बोट पाण्याबाहेर उचलून ठेवणाऱ्या लिफ्टच्या खाली आणि कॅनॉलच्या मधोमध अशी तीन ठिकाणी. काठीचं टोक कशात रुततं तेही हाताला कळतं, वाळू आहे की लोण्यासारखा गाळ. कॅनॉलच्या बंद टोकाला पाणी खेळत नाही, तिथं गाळ, पानं, तरंगता कचरा सगळं येऊन साचतं. २०१८ च्या उन्हाळ्यात ओकीचोबी तळ्यातून सोडलेल्या पाण्याबरोबर नदीत निळं-हिरवं शेवाळ आलं आणि अशा कोपऱ्यांतल्या घरांमागे त्याचा जाड थर दाटला. वासानं लोक खिडक्या लावून बसले होते. टोकाचा प्लॉट शांत असतो, गाड्यांची ये-जा नसते, हे खरं. पण बोट तिथं वळवायलाही जागा लागते. इथला साधा कॅनॉल ८० फूट रुंद आणि त्यात दोन्ही बाजूंचे धक्के आणि लिफ्ट पुढे आलेले असतात.

बाहेर, वायव्य भागातल्या घरांना मॅटलाशेच्या खाडीतून जावं लागतं. तिथं बोटींच्या वाटेवर लावलेल्या खुणांच्या बाहेर जरा गेलात की तळ लागतो. तरंगायला तीन फुटांहून जास्त खोल पाणी लागणारी बोट असेल तर तिकडचं घर घेण्याआधी शंभरदा विचार करा.

आता वेळेचं. जाहिरातीत ‘आखातापर्यंत वीस मिनिटं’ असं लिहिलेलं असतं, ते कुठून कुठपर्यंत? कॅनॉलांमध्ये बोट अगदी मंद चालवावी लागते. लाट उठली की समोरच्याची बांधलेली बोट धक्क्यावर आपटते, म्हणून नियमच तसा आहे. नदीत आणि खाडीत मॅनटीसाठी राखलेले संथ वेगाचे पट्टे आहेत. हा मोठा, गरीब, शाकाहारी पाणजीव थंडीत उबदार पाण्याच्या शोधात आत येतो आणि बोटींच्या पंख्यांनी त्याच्या पाठी फाटलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. ते पट्टे पाळलेच पाहिजेत आणि ते आहेत याचं मला समाधान आहे. पण त्यामुळे आतल्या काही घरांना मोकळ्या पाण्याला लागायलाच तास-सव्वा तास लागतो. दोन मुलं आणि एक आजी घेऊन शनिवारी निघालेल्या कुटुंबाला जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. अशी कितीतरी घरं मला माहीत आहेत जिथं पहिल्या वर्षानंतर बोट लिफ्टवरून उतरलीच नाही.

नैऋत्य भागातल्या हजारो घरांना वर्षानुवर्षं चिकिटा लॉक नावाच्या दरवाजातून जावं लागे, सुट्टीच्या दिवशी रांग लागे. तो काढावा की ठेवावा यावर शहरात मोठा वाद झाला. काढा म्हणणारे बोटवाले आणि खारफुटीची काळजी वाहणारे अशी दोन्ही बाजूंनी जिव्हाळ्यानं बोलणारी माणसं मी ऐकली आहेत. त्या बाजूला घर बघत असाल तर जुन्या जाहिरातीवर विसंबू नका, वाटेत आज काय आहे ते बोटीतून जाऊन बघा.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही, ते वकील बघतो. पण एक वस्तू वकील बघत नाही आणि घराचा तपासनीसही पुष्कळदा वरवर बघतो. ती म्हणजे सीवॉल, प्लॉट आणि कॅनॉल यांच्यामधली काँक्रीटची भिंत. तिची जबाबदारी घरमालकाची. पाऊस पडून मागची माती ओली झाली आणि कॅनॉलचं पाणी खाली गेलं की मातीचा सगळा भार भिंतीवर येतो. २८ सप्टेंबर २०२२ ला इयन वादळ कायो कोस्टा बेटावर धडकलं, ताशी १५० मैलांचे वारे घेऊन, तेव्हा आणि त्यानंतर शहरात ठिकठिकाणी या भिंती कलंडल्या. आमच्या गल्लीत तीन घरांच्या हिरवळी धक्क्यासकट पाण्यात गेल्या. भिंत बांधणारे ठेकेदार मिळेनात, लोकांनी वाट बघण्यात महिने काढले. म्हणून घर बघताना लोकांची नजर स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटवर असते तेव्हा तुम्ही मागे जा. भिंतीच्या माथ्यावरून एक डोळा मिटून सरळ रेषेत बघा, पोट आलंय का. माथ्याला आडव्या भेगा आहेत का. भिंतीलगतच्या हिरवळीत खड्डे पडलेत का. खड्डे असतील तर माती खालून निसटते आहे.

आणि विमा. पुराचा विमा घराच्या साध्या विम्यात नसतो, वेगळा घ्यावा लागतो. सरकारी योजनेत घराच्या इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानाला एक लाख. नवीन विमा लागू व्हायला साधारणपणे ३० दिवस जातात. तेव्हा वादळ टीव्हीवर दिसल्यावर धावून उपयोग नाही. जुनं, जमिनीलगत बांधलेलं घर स्वस्त मिळतं, पण त्याच्या दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला तर सगळं घर आजच्या उंचीच्या नियमात बसवावं लागतं, म्हणजे बहुधा पाडून नवं बांधणं आलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून फ्लोरिडात विकणाऱ्यानं पुराचे विमादावे लेखी सांगणं कायद्यानं बंधनकारक आहे. तो कागद मागून घ्या आणि वाचा.

शहराच्या नळ आणि सांडपाणी योजनेची आकारणी भरलेली आहे की तुमच्या गळ्यात येणार आहे, हेही आधीच विचारा. ती हजारो डॉलरांत असते आणि जाहिरातीतल्या भावात दिसत नाही.

आपल्या लोकांचा दिशेचा प्रश्न हमखास येतो. दार पूर्वेला हवं. हवं तर जरूर बघा, माझ्या घरीही देव पूर्वेलाच आहेत. पण इथं घराची पाठ कुठे आहे यावर भाव ठरतो, कारण बसणं-उठणं, पोहणं, बोट सगळं मागे. पूर्वेला दार म्हणजे पाठ पश्चिमेला, आणि मे ते सप्टेंबर दुपारी तीननंतर तिथं उभं राहवत नाही. पाठ दक्षिणेला असली तर हिवाळ्यात ऊन आणि उन्हाळ्यात वारा, असं इथले जुने लोक सांगतात आणि अनुभवही तोच आहे.

मोकळा प्लॉट घेऊन बांधणार असाल तर जमीन पायी हिंडून बघा. आपल्या पिंगळ्याचा जवळचा भाऊबंद असलेलं एक छोटं घुबड इथं जमिनीत बिळं करून राहतं. फ्लोरिडात त्याची सर्वांत मोठी वस्ती याच शहरात आहे. बिळाभोवती पांढरे पाइप रोवून खूण केलेली असते. त्याला कायद्याचं संरक्षण आहे, परवान्याशिवाय तिथं हात लावता येत नाही. भरदुपारी बिळाच्या तोंडाशी एका पायावर उभं राहून ते आपल्याकडे बघतं तेव्हा, खरं सांगते, जागा त्याचीच वाटते.

संपादक महाशय, माझी आपल्याला विनंती एवढीच आहे. परदेशातल्या पाण्याकाठच्या घरांवर पुढचा लेख किंवा जाहिरात छापाल तेव्हा चार गोष्टी तिच्यात मागून घ्या: पाणी गोडं की खारं, वाटेतल्या सर्वांत ठेंगण्या पुलाची उंची, ओहोटीला धक्क्याशी किती पाणी, आणि मोकळ्या पाण्याला लागायला बोटीनं लागणारा वेळ. विकणाऱ्याला या चारही माहीत असतात. चौरस फुटाच्या भावाशेजारी त्यांना दोन ओळींची जागा पुरेल.

माझा भाचा आता घर विकतो आहे. त्याच्या आईनं त्याला बजावलंय की जाहिरातीत पुलाची उंची लिही, आणि कुठल्या महिन्यात मोजली तेही लिही. दोन जण त्या ओळीमुळे फोन न करताच गेले असतील. तिसऱ्यानं फोन केला, त्याच्याकडे छप्पर नसलेली सखल मासेमारीची बोट आहे, आणि तो सप्टेंबरच्या भरतीला येऊन बघणार आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक,
केप कोरल, फ्लोरिडा (मूळ गाव हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी)